दूरच्या समुद्रावरची वहिवाट

प्रश्न असा आहे: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स हे देश आपल्या घरापासून हजारो मैलांवरच्या समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या दबदबा कसा राखून असतात? विमानवाहू नौका जास्त आहेत, एवढंच कारण आहे का? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: अमेरिकी नौदलाची जहाजं आता आपल्या माझगाव डॉकमध्ये दुरुस्तीला येऊ शकतात असा करार झाला आहे, तर आपणही त्यांचा एक तळ होत चाललो आहोत का?

मी नौदलात इंजिनिअरिंग शाखेचा अधिकारी होतो. निम्मी नोकरी जहाजाच्या पोटात गेली, निम्मी गोदीत. त्यामुळे माझं उत्तर तोफा-क्षेपणास्त्रांपासून सुरू होत नाही, पंपापासून सुरू होतं.

एकदा परदेशी बंदरात असताना आमच्या जहाजावरच्या समुद्राच्या पाण्याच्या मुख्य पंपाचं सील गेलं. तळहातावर मावेल एवढी वस्तू. जवळचं सुटं सील महिनाभर आधीच लागून गेलं होतं. मुंबईहून नवं निघायला, विमानात चढायला आणि तिथल्या कस्टममधून सुटायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस एक लढाऊ जहाज धक्क्याला बांधलेलं. शेजारी एका मोठ्या देशाची फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका, उभी होती, तिच्यातही काहीतरी बिघडलं होतं. संध्याकाळी तिचे दोन खलाशी बंदराच्या कुंपणाला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये गेले, एक लाकडी खोकं उचलून आणलं, आणि पहाटे ती फ्रिगेट निघून गेली. ते शेड त्या देशाने कित्येक वर्षं भाड्याने घेऊन ठेवलं होतं. पुढचे दिवस मी रोज त्या शेडकडे बघत होतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या शेडमध्ये आहे.

उरलेलं अर्धं माझ्या गावी आहे. देवगड तालुक्यात आमच्या घरामागे, आमच्याच कलमांच्या बागेतून, शेजाऱ्यांची किनाऱ्यावर उतरायची पायवाट जाते. सातबाऱ्यावर जमीन आमची. पण त्यांचे पणजोबा त्या वाटेने गेले, आजोबा गेले, आज नातवंडं जातात. आता ती अडवायची म्हटली तरी अडवता येणार नाही. सुविधाधिकाराच्या १८८२ च्या कायद्यात अशा हक्कासाठी २० वर्षांचा अखंड वापर सांगितला आहे. कोकणात याला वहिवाट म्हणतात, आणि वहिवाटीवरून झालेली भांडणं कोकणी माणसाला सांगायला नकोत. परक्या समुद्रावरचा प्रभाव मला कायम तसाच वाटत आला आहे. मालकी कुणाचीच नाही. जो रोज ये-जा करतो, ज्याची ये-जा लोकांच्या डोळ्यांत भरते आणि ज्याचं वाटेवरच्या घरांशी देणंघेणं आहे, त्याची वाट होते. ये-जा थांबली की काट्या वाढायला लागतात.

ये-जा चालू ठेवणं किती महाग असतं ते आकड्यांतून पाहा. पोर्ट्समथहून सुएझमार्गे मुंबई सुमारे ६,२०० सागरी मैल. १५ नॉटच्या (तासाला १५ सागरी मैल) वेगाने, कुठेही न थांबता, साधारण १७ दिवस. सुएझ बंद असेल आणि आफ्रिकेला वळसा घालावा लागला तर अंतर १०,५०० मैलांच्या पुढे जातं, म्हणजे महिना. जायला महिना, यायला महिना, आणि मधल्या काळात खलाशांना सुट्टी नाही, यंत्रांना विश्रांती नाही. म्हणून नौदलात एक जुना हिशेब आहे: दूरच्या समुद्रात एक जहाज सतत दिसायला हवं असेल तर पदरी किमान तीन लागतात. एक तिथे, एक दुरुस्तीत, एक सराव करून निघायच्या तयारीत. प्रत्यक्षात तीनही पुरत नाहीत, कारण दुरुस्ती कधीच वेळेत संपत नाही. हे मी गोदीत काढलेल्या वर्षांच्या अनुभवावरून सांगतो.

हा हिशेब मोडायचा एक मार्ग म्हणजे जहाज परत आणायचंच नाही. ब्रिटनने २०१९ पासून तीन वर्षं ‘माँट्रोज’ ही फ्रिगेट बहारीनमध्येच ठेवली आणि दर चार महिन्यांनी खलाशांची पूर्ण तुकडी विमानाने बदलली. जहाज जागेवर, माणसं ये-जा करणारी. पण हे करायला तिथे धक्का हवा, वर्कशॉप हवं, सुट्या भागांचं कोठार हवं, राहायला खोल्या हव्यात. म्हणजे पुन्हा ते शेड आलंच.

दुसरा मार्ग तेलाचा. फ्रिगेटची टाकी निम्म्यावर आली की कप्तानाला चैन पडत नाही, कारण रिकाम्या टाकीचं जहाज लढाईत ओझं होतं. म्हणून मोठी नौदलं पुरवठा जहाजं सोबत घेऊन फिरतात. चाळीस-पन्नास मीटरचं अंतर राखून दोन जहाजं एकाच वेगाने समांतर चालतात, मधे ताणलेला तारदोर आणि त्यावर लोंबकळणारा जाड होज. मी हे अनेकदा केलं आहे आणि एकदाही छाती न धडधडता केलेलं नाही. १९८२ मध्ये ब्रिटनने ८,००० मैलांवरची फॉकलंड बेटं परत घेतली, तेव्हा पाठवलेल्या १२७ जहाजांपैकी युद्धनौका फक्त ४३ होत्या. २२ नौदलाची पुरवठा जहाजं आणि ६२ व्यापारी जहाजं, त्यांत प्रवासी जहाजंही आली. आणि हे सगळं शक्य झालं ते अर्ध्या वाटेवर असेन्शन नावाचं एक उजाड बेट होतं म्हणून. बेट ब्रिटनचं, धावपट्टी अमेरिकेच्या ताब्यातली, विमानांचं इंधनही अमेरिकेचं. वर्तमानपत्रांनी हॅरियर विमानांचे फोटो छापले. गोदीतल्या माणसाला विचाराल तर तो असेन्शनच्या तेलाच्या टाक्यांचं नाव आधी घेईल.

आपल्या पाण्यात हे सगळ्यात आधी पोर्तुगीजांनी ओळखलं. देश लहान, माणसं मोजकी, आणि अंतर तर आफ्रिकेला वळसा घालून. सगळा समुद्र राखणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी दारं धरली. १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का, १५१५ मध्ये होर्मुझ. १५१३ मध्ये एडनवर हल्ला केला तो मात्र फसला, आणि तांबडा समुद्र त्यांच्या हाती कधीच नीट आला नाही. जुन्या गोव्यात मांडवीकाठी गोदी उभी केली, म्हणजे जहाज डागडुजीसाठी लिस्बनला न्यायला नको. मग ‘कार्ताझ’ हा परवाना काढला. व्यापाऱ्याने तो घ्यायचा, ठरलेल्या बंदरात जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज जप्त. दहा जहाजं अडवली की उरलेली शंभर आपण होऊन परवाना घेतात, हा त्यामागचा हिशेब. कान्होजी आंग्र्यांनी हा हिशेब अचूक वाचला होता. आपल्या पाण्यातून जायचं तर आमचं दस्तक घ्या, असं त्यांनी इंग्रज-पोर्तुगीजांना सुनावलं. इंग्रज बखरकारांनी त्यांना चाचा म्हटलं. चाचेगिरी परवाना देत नसते. हा वाट कुणाची यावरचा सरळ झगडा होता, आणि १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर चालून आले तेव्हा त्यांना हात हलवत परत जावं लागलं.

इंग्रजांनी हेच तंत्र यंत्रयुगात नेलं, आणि त्याचं केंद्र मुंबई होतं. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना आणलं, अठराव्या शतकाच्या मध्यावर सुकी गोदी (पाणी उपसून जहाजाचं बूड उघडं करता येईल अशी) बांधली, १८१० पर्यंत डंकन डॉक तयार झाला. मलबारच्या सागवानातून इथे बांधलेली जहाजं इंग्लंडच्या ओकच्या जहाजांपेक्षा जास्त टिकत. १८१० मध्ये ‘मिंडेन’, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’. याच ‘कॉर्नवॉलिस’वर २९ ऑगस्ट १८४२ रोजी नानकिंगचा तह झाला आणि चीनला हाँगकाँग सोडावं लागलं. म्हणजे लंडनची सत्ता चीनच्या दारात उभी राहिली ती मुंबईत पारशी सुतारांनी घडवलेल्या लाकडावर. १८१७ साली इथून पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगतं आहे. डंकन डॉकच्या दगडी पायऱ्यांवरून मी शेकडो वेळा खाली उतरलो आहे. दोनशे वर्षांचे ते दगड हलले नाहीत, आणि दर वेळी मनात यायचं की जहाजं आली, भंगारात गेली, पण इंग्रजांची खरी गुंतवणूक ही होती.

मग वाफ आली आणि शिडांच्या काळात नसलेली एक भूक घेऊन आली. १८३० च्या मार्चमध्ये ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईतच बांधलेली वाफेची बोट सुएझकडे निघाली. कोळसा ठेवायला जागा पुरेना म्हणून केबिनमध्येही भरला होता. अकराव्या दिवशी एडनला पोहोचली तेव्हा कोळसा जवळजवळ संपलेला. एडनचं भवितव्य त्या रिकाम्या बंकरने, कोळशाच्या कोठीने, ठरवलं असं मी म्हणेन. १८३७ मध्ये ब्रिटिश निशाणाचं एक जहाज एडनजवळ फुटलं आणि लुटलं गेलं, ते निमित्त झालं. १९ जानेवारी १८३९ रोजी ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातल्या कॅप्टन हेन्सने एडन घेतलं. व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत साम्राज्याला जोडलेला हा पहिला तुकडा, आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. हेन्सने आधी कित्येक वर्षं अरबस्तानचा तो किनारा मोजून नकाशे केले होते. पुढे हिशेबातल्या तुटीवरून त्याच हेन्सला मुंबईच्या तुरुंगात टाकलं, आणि १८६० मध्ये सुटका झाल्यावर थोड्याच दिवसांत तो मुंबई बंदरातच वारला.

१८६९ मध्ये सुएझ कालवा उघडला आणि एडन, सिलोनमधलं त्रिंकोमाली, सिंगापूर, हाँगकाँग ही कोळशाची ठाणी एका दोरीत ओवली गेली. कोळसा वेल्सचा, ठाणी इंग्रजांची, पण भट्टीपुढची माणसं आपली. बॉयलरपुढे फावडं मारणारे आगवाले, बंकरमधून कोळसा ओढणारे कोयलावाले, डेकवरचे सारंग आणि टिंडेल, त्यांत रत्नागिरीकडचे किती तरी. त्यांची नावं आरमाराच्या इतिहासात सापडत नाहीत, पण भट्टी त्यांनी पेटती ठेवली.

ज्याच्याकडे अशी ठाणी नव्हती त्याचं काय झालं? १९०४ च्या ऑक्टोबरमध्ये रशियाचं बाल्टिक आरमार जपानशी लढायला निघालं. १८,००० मैल, वाटेत स्वतःचं एकही बंदर नाही. जर्मन कंपनीच्या जहाजांतून भर समुद्रात, नाहीतर आडबाजूच्या खाडीत कोळसा घ्यायचा. पुढे मिळेल की नाही या धास्तीने तो डेकवर रचायचा. मादागास्करच्या नोसी बे बेटापाशी त्या आरमाराने आठवड्यांमागून आठवडे काढले. माणसं आजारी पडली, जहाजांच्या बुडाला शेवाळ आणि शिंपले चढले, वेग घटला. सुकी गोदी नाही म्हणजे बूड खरवडता येत नाही, हे कुठल्याही तांडेलाला कळतं. मे १९०५ मध्ये जपानजवळ त्सुशिमाला ते थकलेलं, जडावलेलं आरमार पोहोचलं आणि दोन दिवसांत बहुतेक सगळं बुडालं नाहीतर पकडलं गेलं. जपानी तोफखाना उत्तम होता यात वाद नाही. पण आरमार पोहोचलं तेच निम्मं हरलेलं होतं.

उलट चूकही होते. ब्रिटनने सिंगापूरला प्रचंड सुकी गोदी आणि तेलसाठे असलेला तळ १९३८ मध्ये सुरू केला, पण त्यात ठेवायला पुरेसं आरमारच नव्हतं. डिसेंबर १९४१ मध्ये आलेल्या दोन मोठ्या युद्धनौका जपानी विमानांनी बुडवल्या, फेब्रुवारीत शहर पडलं. कुलूप होतं, पण राखणदार नव्हता.

बंदरांइतक्याच उपयोगाच्या आणखी काही गोष्टी आहेत, ज्या दिसत नाहीत म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. नकाशे: जगभरची व्यापारी जहाजं ब्रिटिश अ‍ॅडमिरल्टीचे चार्ट वापरत आली आहेत, ते दोनशे वर्षांच्या मोजणीवर उभे आहेत. विमा: जगातल्या सागरी टनेजपैकी सुमारे ९० टक्के जहाजांचा दायित्व विमा लंडनशी घट्ट जोडलेल्या, जहाजमालकांनीच मिळून चालवलेल्या विमा क्लबांच्या एका गटाकडे असतो. आणि माहिती: एडनच्या आखातातून जाणारा व्यापारी जहाजाचा कप्तान, मग तो वेंगुर्ल्याचा असो की मनिलाचा, आपली जागा आणि वेग ब्रिटिश नौदलाच्या ‘यूकेएमटीओ’ या माहिती केंद्राला कळवतो. सक्ती नाही. तरी कळवतो, कारण संकटात फोन उचलणारं कुणीतरी तिकडे आहे याची खात्री आहे. माझ्या मते ब्रिटनचा आजचा खरा दबदबा त्यांच्या दोन विमानवाहू नौकांपेक्षा या फोनमध्ये जास्त आहे.

आता हिंदी महासागराच्या मधोमध, शागोस द्वीपसमूहात असलेल्या दिएगो गार्सिया बेटाबद्दल सविस्तर सांगतो, कारण सगळे धागे तिथे येऊन मिळतात.

ऑक्टोबर १९१४. जर्मन क्रूझर ‘एम्डन’ मद्रासच्या तेलटाक्यांवर गोळे डागून, वाटेतल्या जहाजांचा कोळसा लुटत, दिएगो गार्सियाच्या खाजणात शिरली. बेट ब्रिटिशांचं. पण युद्ध सुरू झाल्याची बातमीच तिथे पोहोचली नव्हती. बेटावरच्या लोकांनी पाहुण्यांचं आनंदाने स्वागत केलं, ताजं अन्न दिलं, आणि जर्मनांनी बूड खरवडून, कोळसा भरून निवांत निरोप घेतला. भर समुद्रात इतकं शांत, इतकं खोल नैसर्गिक बंदर आहे, हे तेव्हाच दिसलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर वसाहती सुटायला लागल्या तशी इंग्रजांची दोरी तुटू लागली. त्रिंकोमालीचा तळ सिलोनने १९५७ मध्ये परत घेतला. मालदीवमधल्या गान बेटावर हवाई दल गेलं, तेही १९७६ मध्ये उठलं. एडन नोव्हेंबर १९६७ मध्ये सोडावं लागलं. हा कल आधीच ओळखून अमेरिकी नौदलात नियोजनाचं काम करणाऱ्या स्टुअर्ट बार्बरने एक थंड निष्कर्ष काढला होता: जिथे माणसं कमी आहेत अशी बेटं, देश स्वतंत्र व्हायच्या आत, बाजूला काढून ठेवायची. म्हणजे उद्या ‘निघा’ म्हणणारं कुणी उरणार नाही. १९६५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसला ३० लाख पौंड देऊन शागोस द्वीपसमूह त्यापासून तोडला. मॉरिशस स्वतंत्र झाला १९६८ मध्ये. १९६६ मध्ये अमेरिकेला ५० वर्षांसाठी बेट वापरायला देण्याचा करार झाला, आणि मोबदला ब्रिटन अमेरिकेकडून घेत असलेल्या पोलारिस क्षेपणास्त्रांच्या किमतीतल्या १ कोटी ४० लाख डॉलरच्या सवलतीतून दिला गेला.

पण बेटावर माणसं होती. नारळाच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली, स्वतःची क्रिओल बोली असलेली. १९६८ ते १९७३ या काळात दीड ते दोन हजार लोकांना हलवून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर उतरवलं. त्यांची कुत्री मारली. पोर्ट लुईला आमचं जहाज गेलं होतं तेव्हा तिथल्या एका मराठी कुटुंबाने मला जेवायला बोलावलं. पाच पिढ्यांपूर्वी उसाच्या मळ्यावर आलेलं घर, देव्हाऱ्यात गणपती, बोलण्यात मराठीपेक्षा क्रिओल जास्त. त्या घरातल्या आजोबांनी सांगितलं, आमच्या वस्तीच्या पलीकडे ‘इलवा’ राहतात, बेटावरची माणसं. म्हाताऱ्या बायका अजून आपल्या माणसांच्या थडग्यांबद्दल बोलतात, ज्यांच्यावर फूल ठेवायला कुणी नाही. मी गणवेशात होतो. दिएगो गार्सियाच्या धावपट्टीची लांबी, खाजणाची खोली, सगळं मला पाठ होतं. या बायकांबद्दल मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याचा राग मला आजही येतो.

त्या जागेची लष्करी किंमत मात्र नाकारता येत नाही. १२,००० फुटांची धावपट्टी, आणि खाजणात नांगर टाकून उभी असलेली, आधीच माल भरलेली जहाजं. अशा एका ताफ्यात सुमारे १६,००० मरीन सैनिकांना ३० दिवस लढता येईल एवढे रणगाडे, दारूगोळा, इंधन आणि पाणी असतं. सैनिक विमानाने येतात, जड सामान जवळच उभं असतं. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर इथली जहाजं दोन आठवड्यांच्या आत सौदी अरेबियाच्या अल जुबैलला लागली होती. माझ्या त्या पत्र्याच्या शेडचंच हे अवाढव्य रूप.

आणि तरी ‘निघा’ म्हणणारे उरलेच. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने शागोस तोडणं बेकायदा होतं असं सल्लादर्शक मत दिलं. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ विरुद्ध ६ मतं पडली. २२ मे २०२५ रोजी ब्रिटनने मॉरिशसशी करारावर सही केली: बेटांवर सार्वभौमत्व मॉरिशसचं, दिएगो गार्सिया ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, वर्षाला सरासरी १० कोटी १० लाख पौंड. माणसं हटवून कायमची मिळवलेली जागा अखेर भाड्यावर घ्यायचं कबूल करावं लागलं. ज्यांचं ते घर होतं, त्यांना वाटाघाटीच्या टेबलावर खुर्ची नव्हती.

यजमानाची मर्जी हा या व्यवहारातला सगळ्यात नाजूक दुवा आहे. फिलिपिन्समधला सुबिक बे हा अमेरिकेच्या परदेशातल्या सर्वांत मोठ्या नौदल तळांपैकी एक होता. सप्टेंबर १९९१ मध्ये फिलिपिन्सच्या सिनेटने नवा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला आणि नोव्हेंबर १९९२ मध्ये शेवटचे अमेरिकी नौसैनिक निघाले. जगातल्या सर्वांत बलाढ्य आरमाराला एका मतदानाने घर रिकामं करावं लागलं. त्यातून अमेरिका जे शिकली ते पाहण्यासारखं आहे. पुरवठ्याचं कार्यालय सिंगापूरला सेंबावांगमध्ये हललं, त्याच इंग्रजांनी बांधलेल्या गोदीच्या परिसरात. सिंगापूरने स्वतःच्या पैशांनी चांगीला विमानवाहू नौका लागेल असा धक्का बांधला. झेंडा सिंगापूरचा, मालकी सिंगापूरची, वापर अमेरिकेचा. तळापेक्षा हे स्वस्त, आणि यजमानाच्या संसदेत त्यावर भांडण होत नाही. बहारीनमध्येही तेच: १९७१ मध्ये ब्रिटिश निघाले, त्यांच्या तळाचा एक भाग अमेरिकेने घेतला, १९९५ मध्ये त्यांचं पाचवं आरमार, म्हणजे या भागासाठीचा ताफा, तिथे बसलं, आणि २०१८ मध्ये ब्रिटनही त्याच किनाऱ्यावर परतला. प्रस्थापित सत्ता एकमेकींच्या वाटा अशा वापरतात. नव्या सत्तेला ही सोय नसते. चीनची जहाजं जानेवारी २००९ पासून एडनच्या आखातात गस्त घालत होती, पण जिबूतीचा तळ मिळायला २०१७ उजाडलं.

यजमान म्हणजे फक्त सरकार असंही नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या किनाऱ्यावरच्या नौदल प्रशिक्षण केंद्रातले नौसैनिक निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांविरुद्ध उठले. काही दिवसांत ते लोण सुमारे ७८ जहाजांवर आणि २०,००० नौसैनिकांपर्यंत गेलं, गिरण्यांतले कामगार रस्त्यावर आले. ज्या हातांवर इंग्रजांचं इथलं आरमार चालत होतं, ते हातच थांबले. मला वाटतं, त्या आठवड्यात लंडनला जे कळलं ते कुठल्याही ठरावाने कळलं नसतं.

वहिवाटीचा कायद्याचा भागही आहे. ७ एप्रिल २०२१ रोजी ‘जॉन पॉल जोन्स’ ही अमेरिकी विनाशिका लक्षद्वीपच्या पश्चिमेला सुमारे १३० सागरी मैलांवरून, आपल्या अनन्य आर्थिक क्षेत्रातून (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा, जिथल्या संपत्तीवर हक्क आपला), परवानगी न मागता गेली आणि अमेरिकेने ते जाहीरपणे सांगितलं. मित्रदेश असून असं का? कारण न बोलता गेलं तर उद्या कुणी म्हणेल की परवानगीची प्रथा होती. जाणं आणि ‘आम्ही गेलो’ हे लिहून ठेवणं, दोन्ही मिळून हक्क होतो. आपल्या सरकारने आक्षेप नोंदवला, तेही त्याच कारणाने. गंमत नाही, पण लक्षात ठेवण्यासारखं आहे की समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराचे सदस्य आपण आहोत, अमेरिका नाही.

एवढं सगळं असूनही प्रभावाला मर्यादा आहेत. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले. बहारीन, जिबूती, दिएगो गार्सिया, सगळं जागेवर होतं. डिसेंबरात अमेरिकेने बहुराष्ट्रीय मोहीम काढली, किती तरी ड्रोन आणि क्षेपणास्त्रं पाडली. पण कंटेनर कंपन्यांनी २०२४ भर आफ्रिकेचा वळसाच पत्करला, कारण विम्याचा हप्ता आणि खलाशांचा जीव यांचा हिशेब त्यांना पटला नाही. त्याच काळात मार्च २०२४ मध्ये आपल्या ‘कोलकाता’ने अपहृत ‘रुएन’ जहाजावरचे १७ खलाशी सोडवले आणि ३५ सोमाली चाचे मुंबईला आणले. किनाऱ्यापासून १,४०० सागरी मैलांवर. आपल्या जहाजांची तिथली ये-जा २००८ पासून अखंड आहे, त्याचं हे फळ. ओमानच्या दुक्म बंदरात आपल्याला सोय मिळाली आहे, आणि मॉरिशसच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेली धावपट्टी व धक्का फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. अगालेगावर माणसं राहतात. दिएगो गार्सियाचा इतिहास माहीत असलेल्यांनी तिथल्या प्रत्येक पावलाकडे बारीक लक्ष ठेवायला हवं, आणि ते पाऊल आपलं आहे म्हणून जास्तच.

आता माझगाव डॉक. २०१६ च्या भारत-अमेरिका करारानुसार दोन्ही नौदलांनी एकमेकांना तेल, पाणी, रसद, दुरुस्ती द्यायची, प्रत्येक वेळी वेगळी परवानगी घेऊन आणि बिल चुकतं करून. त्यात तळाची तरतूद नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये चेन्नईजवळच्या कट्टुपल्लीला अमेरिकेचं पहिलं पुरवठा जहाज दुरुस्तीला आलं, २०२३ मध्ये माझगावशी करार झाला, पुढच्या वर्षी कोचीशी. सुबिकमध्ये जमीन त्यांच्या ताब्यात होती आणि फाटकावर पहारा त्यांचा. माझगावला फाटकावर आपला माणूस आहे, जहाज गिऱ्हाईक म्हणून येतं आणि काम झालं की जातं. आपल्या फिटर-वेल्डरना त्यातून काम मिळतं, नवी यंत्रं हाताळायला मिळतात. गोदीचा माणूस म्हणून मला याचा आनंद आहे.

पण अमेरिकेला यातून काय मिळतं तेही स्वच्छ दिसायला हवं. जहाज दुरुस्तीला हजारो मैल मागे न्यावं लागत नाही, म्हणजे तीन जहाजांचा हिशेब अडीचवर येतो. आपण त्यांच्या वाटेवरचं एक घर झालो आहोत. तळ झालो नाही. दोन्हींतला फरक करारातल्या बारीक अटींत असतो: मुदत किती, नोटीस किती महिन्यांची, त्यांचे कायमचे कर्मचारी इथे राहतात का, त्यांच्यावर कायदा कुणाचा चालतो, सुटे भाग कुणाच्या कोठारात. असा करार बातमीत आला की मी जहाजांची संख्या वाचत नाही, या पाच गोष्टी शोधतो. माझगावच्या आवारात उद्या एखादं पत्र्याचं शेड उभं राहिलं आणि त्याच्या कुलपाची किल्ली आपल्या माणसाकडे नसेल, तर हाच प्रश्न मला पुन्हा विचारा. तेव्हा माझं उत्तर वेगळं असेल.